काशिनाथच्या गाडीचं काम

३ फेब्रुवारी १९५२, रविवार
गॅरेजला सुट्टी असून अब्बास मेस्त्रींनी बोलावलं. डोंबिवलीहून ठाणे, तिथून पूल ओलांडून चालत कळवा. धर्माशेठचं मिठागर खाडीला लागून आहे. गाडी कोठारात होती, मिठाच्या ढिगापलीकडे. अंगावर भाताचा पेंढा, त्यावर सतरंजी.

विलायती. दोन माणसांची. लांब नाक, तारांची चाकं, कापडी छपराचे नुसते बांबू उरलेत. बांबू नव्हेत, लोखंडी कमानी. रंग हिरवा असावा. हात लावावा तिथला पोपडा हातात येतो.

गाडी धर्माशेठच्या मुलाची. काशिनाथ. सत्तेचाळीस साली एक साहेब मायदेशी निघाला, त्याच्याकडून यानं घेतली. पुढच्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेला. तेव्हापासून गाडी उभी. धाकट्या बहिणीला म्हणायचा, हिरे, तुझी वरात माझ्या गाडीतून. आता हिराचं लग्न बाळकुमला ठरलंय. वैशाखात.

धर्माशेठ म्हणाले, "पूल वलांडून बालकुमला गेली पायजे, बस. आमचे पोराचा शब्द हाय."

मेस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून "होईल" म्हणाले. मला वाटलं, होणार नाही. 

काशिनाथच्या आईनं सतरंजी स्वतः काढली, घडी घातली, काखेत धरून उभी राहिली. आम्ही निघेपर्यंत खाली ठेवली नाही.

७ फेब्रुवारी
बैल लावून गाडी ठाण्याला गॅरेजात आणली. धर्माशेठ स्वतः स्टिअरिंगवर बसले, डोक्याला पांढरा फेटा. पुलावर एकजण ओरडला, "काय शेठ, पेट्रोल सरला का?"
"पेट्रोल महाग, बैल घरचे! तू बाजूला हो."
सगळे हसले. तेही हसले. गॅरेजात उतरल्यावर मात्र बराच वेळ स्टिअरिंगचं चाक धरून उभे होते. मी दुसरीकडे पाहत राहिलो.

१० फेब्रुवारी, रवि.
खोलायला सुरुवात. प्रत्येक बोल्ट कागदाच्या पुडीत, पुडीवर नाव. उजवा, डावा, पुढचा, मागचा. मेस्त्री म्हणाले, "दत्तू, ही गाडी आहे की वाण्याचं दुकान?" मी म्हटलं, परत जोडताना तुम्हीच विचाराल. म्हणाले, विचारीन, तेव्हा हळद-धणे काढून दे.

मराठी सहावीनंतर शाळा सुटली. लिहायची सवय सुटू नये म्हणून पुड्यांवरही नीट लिहितो. गाडीच्या खालच्या सांगाड्याला शासी म्हणावं की चासी, ठरत नव्हतं. मेस्त्री शासी म्हणतात. तेच धरलं.

इंजिन जाम. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि गोडेतेल ओतून ठेवलंय.

१६ फेब्रु.
इंजिन सुटलं! हँडलवर मेस्त्री आणि मी दोघं लोंबकळत होतो. आधी काहीच नाही, मग एकदम कुरकुर आणि पाव फेरा. आतून पिस्टन चांगले आहेत. चांगले म्हणजे वाटले होते त्यापेक्षा. साहेबानं नीट ठेवली असणार. किंवा काशिनाथनं.

मेस्त्रींनी सर्वांना चहा पाजला.

२४ फेब्रु., रवि.
आज वाईट दिवस.

बसायच्या जागेखालची लाकडी फळी काढली. काढली म्हणजे उचलली तर भुसा झाली. खाली शासीचे दोन लांब पाट, पेटीसारखे, आतून पोकळ. या दोन पाटांवर सगळी गाडी बसलेली असते. डाव्या पाटाला पेचकस टेकवला. टेकवला फक्त. आत गेला.

उजव्यालाही तेच, थोडं मागे.

मला कळत नाही ते असं की वरची बाजू, जिथं खारा वारा लागणार, ती बरी आहे. बॉनेटखाली तर बऱ्यापैकी. जे गेलंय ते आतून आणि तळातून गेलंय. पाण्याला उतरायला पाटात खाली भोकं ठेवलेली असतात. ती बुजलेली. तार घालून टोकरलं तर काय निघावं? झेंडूच्या पाकळ्या. वाळून काळ्या पडलेल्या, पण झेंडूच. आणि तांदूळ. पिवळे, हळदीचे. आणि पांढरी कडक खपली. जिभेला लावून पाहिली. मीठ.

मेस्त्रींना दाखवलं. म्हणाले, "मिठाच्या कोठारात उभी होती ना. साखर निघणार का?"

पण तांदूळ?

२ मार्च, रवि.
छपराच्या कमानीचा एक तुकडा कळव्याला राहिला होता तो आणायला गेलो. धर्माशेठ मिठाच्या वाफ्यांवर होते. काशिनाथच्या आईनं, चांगुणामावशींनी, जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. हिरा वाढत होती. मी मान खाली घालून जेवतो म्हणून हिरा म्हणाली, "आई, याला ताटातच बोल्ट दिसतान वाटतं."

मावशी जवळ बसल्या. काशिनाथबद्दल बोलत होत्या. गाडीबद्दल. मग सहज म्हणाल्या, अगदी सहज:
"दसऱ्याचे आदल्या दिसाला आमी सगले अवजारांना न्हाऊ घालतो. वाफ्याचे पान्यान. गोडा पानी अवजाराला लावाचा नाय, आगर रुसतं. तशी गारी पन. दर साल. एक साल चुकवला नाय मी."
मी विचारलं, वरून घालता पाणी?
"वरून कशाला? आंत. त्याची बसायची जागा हाय ना, थय. तांब्या तांब्या करून. मंग फुला, अक्षता."

यांची अवजारं मी कोठारात पाहिली आहेत. मीठ ओढायची फळी, फावडी, सगळी लाकडाची. लोखंडाचा खिळासुद्धा नाही. लाकडाला त्या खाऱ्या पाण्यानं काही होत नाही. उलट कीड लागत नाही.

त्या बोलत राहिल्या. मी भाकरीचा तुकडा घेतला होता तो गिळता येईना. हिरानं पाणी दिलं.

४ मार्च
मेस्त्रींना सांगितलं. हातातला पाना खाली ठेवून त्यांनी ऐकलं. मग दाढी खाजवली.
"कोणाला बोललास?"
नाही.
"बोलायचं नाही. त्या बाईनं पोरगा घालवलाय. आता तू जाऊन सांगणार, मावशी, पोराची गाडी तुमच्या हातानं खाल्ली?"
मी म्हटलं, मग येत्या दसऱ्याला पुन्हा घालतील.
"घालू दे. वरात तर होईल. वरात आहे, रेस नाही. माणसाच्या चालीनं जायचं, पुढे बँड."
लोखंडी पट्ट्या बाहेरून रिव्हेट मारून बसवायच्या असं ठरलं. पाट बदलायला नवा कुठून आणणार.

मेस्त्रींचं चुकलं असं म्हणवत नाही. बरोबर असंही.

१२ मार्च
काल होळी. आज रंग, काम बंद, तरी मी गेलो. पट्ट्यांची मापं घ्यायची होती. दुपारी धर्माशेठ आले, कपड्यांवर गुलाल. पाट उघडे पडलेले त्यांनी पाहिले. खाली बसून बोट आत घातलं. बोटाला तांबडी भुकटी.
"कशान जाला ह्या?"
मेस्त्री म्हणाले, "खारा वारा, शेठ."
शेठनी बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "माजीच चूक. कोठाराला खिरकी ठेवली मी. पोराची गारी खारे वाऱ्यात उभी केली." आता घराशेजारी विटांची शेड बांधणार आहेत. खाडीकडे भिंत, दार उलट्या बाजूला. विटा उद्याच सांगतो म्हणाले.

मी तिथंच होतो. माप घेत होतो. तेच माप पुन्हा घेत होतो.

त्यांची चूक नाही, हे एवढं तरी बोलायला हवं होतं. पण मग कोणाची, हे विचारलं असतं.

१९ मार्च
डोंबिवलीत ताई म्हणाली, तू हल्ली जेवत नाहीस. दाजी म्हणाले, जुन्नरकडची एक मुलगी आहे, दाखवायला आणू का, भूक लागेल. त्यांना वाटतं तेच कारण. मी सांगितलं नाही. सांगावं तर दाजी लगेच काय करायचं ते सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी केलंस का म्हणून विचारतात.

२३ मार्च, रवि.
डाव्या पाटाची पट्टी बसली. उजव्याची उद्या. अंगाची लाकडी चौकट चेंदणीच्या एका सुतारानं नवी केली. होड्या बांधणारा माणूस, सागवान वापरलंय. म्हणाला, बुडणार नाही याची हमी देतो. मेस्त्री म्हणाले, बुडायचं नाहीये तिला, पळायचंय.

पाटांतली भोकं मी मोठी केली. आत गोडं पाणी ओतून मीठ जाईल तेवढं घालवलं, शेगडीच्या धगीनं सुकवलं, मग आत जाड तेल सोडलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मेस्त्री पाहत होते.

६ एप्रिल, रवि.
इंजिन चालू झालं.

आधी खोकलं, धूर, मग बंद. कार्बोरेटर दोन आहेत, दोघांचं जमत नव्हतं. सकाळभर तेच. मग एकदम जमलं. आवाज असा की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. जाड आवाज, पण साफ. मेस्त्रींनी डोळे पुसले. धुरानं, म्हणाले.

आज पाटांचा विचार आला नाही. आता लिहिताना आला.

१३ एप्रिल, रवि.
पुलावरून चाचणी. शेजारच्या जागी वजनाला वाळूची पोती. मेस्त्री म्हणाले होते मिठाची घेऊ, शेठकडे ढीग आहे. मी नको म्हटलं.

पुलाच्या मध्यावर खालून खट् आवाज. मी थांबवली. लोक मागे ओरडतायत. खाली वाकून पाहिलं, काही दिसलं नाही. गॅरेजात खड्ड्यावर घेतली तेव्हा दिसलं. पट्टी शाबूत, रिव्हेट शाबूत. पट्टी संपते त्याच्या थोडं पुढे उजवा पाट फुगलाय. तिथं वरून चांगला वाटला होता म्हणून सोडला होता.

पट्टी लांबवायची. आणि मग त्याच्या पुढे?

मेस्त्री आज चिडले. "दत्तू, तुला नवी गाडी करायचीय. मला वरात करायचीय." मग स्वतःच लांब पट्टी कापायला घेतली.

२० एप्रिल, रवि.
रंग झाला. हिरवा. धर्माशेठ, मावशी, हिरा, तिघं पाहायला आले. मावशींनी दारावर हात फिरवला, बोटाला ओला रंग लागला, तो पुसला नाही.

धर्माशेठ आनंदात. म्हणाले, "वरात जाली की गारी जावयाला. दादाकडून बहिणीला आंदण. शेडीत ठेवून काय कराचा? तो चालवील. ठाण्याला, मुंबईला."
मी मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री कपड्यानं आरसा पुसत होते. तोच आरसा, पुन्हा पुन्हा.
मावशी म्हणाल्या, "चालवूंदे. पन दसऱ्याला गारी माहेरी आनाची. न्हाऊ घालाची ती मीच."
"तूच गो," शेठ म्हणाले.

वरातीपुरती गोष्ट होती तोवर एक. आता मुंबईच्या रस्त्यावर. शेजारी हिरा.

२२ एप्रिल
गाडीत बसून लुगडं सावरता येतं का ते पाहते, असं सांगून हिरा एकटीच गॅरेजात आली. पाहिलं काहीच नाही. थेट विचारलं, "पुलावर तुटंल का?"
वरातीत नाही, मी म्हटलं. हळू नेली तर नाही.
"नंतर?"
मी पाना पुसायला घेतला.
"त्या दिशी तुजे घशाला घास अरकला. आईन पान्याचा सांगला तवाच. मी येरी नाय."
मग सगळं सांगितलं. ती उजेडाकडे पाठ करून पत्र्याच्या डब्यावर बसली होती, मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. ऐकून म्हणाली, दादा गेल्यावर आई दोन महिने बोलली नाही. दसऱ्याला गाडी धुवायला उठली, तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. गाडीशीच बोलली.
"मी सासरी गेली की तिला घरान कोन? दसऱ्याचा तेवरा हाय तिला. ता घेऊ नको तिचा."
मी म्हटलं, मग तुझे यजमान चालवणार, तू शेजारी बसणार.
"बसन," म्हणाली. मग जरा वेळानं, "नाय बसनार. कायतरी कर तू."

काहीतरी कर. सगळे मला हेच का सांगतात.

२७ एप्रिल, रवि.
मेस्त्रींशी पुन्हा बोललो. हिराचं सांगितलं नाही, जावयाचं सांगितलं.  दुपारी जेवताना म्हणाले, "जावयाला मी सांगतो. गाडी म्हातारी आहे, वेग नको, दर वर्षी दाखवायला आणा. पाण्याचं तू बघ. मला त्या बाईसमोर उभं राहवणार नाही." त्यांचीही एक मुलगी गेलीय, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तेवढंच बोलले, मग हात धुवायला उठले.

८ मे
वरात. मीच चालवली, शेजारी हिरा; गाडी दोघांचीच, म्हणून नवरदेव पुढे घोड्यावर, मेस्त्री पायी बरोबर.

निघण्याआधी मावशी तांब्या घेऊन आल्या. वाफ्याचं पाणी. बाजूला आरती धरून बायका, बँडवाले थांबलेले. मावशी दाराशी वाकल्या, आत ओतणार. माझ्या तोंडून निघालं, "मावशी, माझ्याकडे द्या, मी घालतो." तांब्या त्यांच्या हातातून घेतला. घेतला की ओढला, आता आठवत नाही. चाकांवर ओतला. रबरावर. चारी चाकांवर थोडं थोडं. रिकामा परत दिला.
मावशी माझ्याकडे पाहत होत्या. "आंत?"
"रंग ताजा आहे, मावशी."
"रंग," म्हणाल्या. तेवढंच.

पूल. मधोमध बँडवाल्यांना तिथंच नाचायची हौस आली, गाडी उभी करावी लागली. मागच्या बाजूवर दोन पोरं चढली, मेस्त्रींनी दंड धरून उतरवली, वर शिव्या.  हिरा मुंडावळ्यांतून हळूच म्हणाली, "चल रं बाबा." चाललो. खालून आवाज नाही. कुठंच नाही. बाळकुमला शिरलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि लोक म्हणत होते, काशिनाथची गाडी आली, काशिनाथची गाडी आली. धर्माशेठ मागं राहिले होते. बोलावलं तरी पुढं आले नाहीत.

काम झालं. मला बरं वाटायला हवं होतं.

१२ मे
मेस्त्री बाळकुमला जाऊन जावयाशी बोलून आले. तो म्हणाला, जपून चालवीन. मेस्त्री म्हणतात मुलगा समंजस आहे, लिहून घे. लिहिलं.

विटांची शेड पूर्ण झाल्याचं कळलं. आता रिकामीच.

१८ मे, रवि.
मावशींचा निरोप आला होता. एकट्यानं ये.

गेलो. सगळा रस्ता वाक्यं जुळवत होतो. मावशी, लोखंडाला ते पाणी. मावशी, तुमची काही चूक. एकही धड होईना. शासी म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागणार होती.

त्या वाफ्याच्या बांधावर बसल्या होत्या. बस म्हणाल्या. बसलो. आगराचे दिवस संपत आलेत, माणसं शेवटचं मीठ ओढत होती.  मग मी सुरुवात केली, "मावशी, त्या दिवशी तांब्या..."
"ऱ्हाऊंदे," म्हणाल्या. मी थांबलो.
"हिरी येऊन गेली काल."
काय म्हणाली हिरा, हे विचारायचं धाडस झालं नाही. सासरी सुखात आहे, बस एवढंच त्यांनी सांगितलं.

मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. नव्या शेडीची.
"दसऱ्याला गारी येल. यंदा तू ये. माजा हात थरथरतो आथा. तू न्हाऊ घाल." मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. थरथरत नव्हते. "पानी कनचा घ्यावाचा, ता तू बघ."

त्यांना ठाऊक आहे? हिरानं सांगितलं, की मी चाकांवर ओतलेलं पाहून त्यांनी स्वतःच ओळखलं? की खरंच हाताचं कारण? माझ्याकडे पाहतच नव्हत्या. खाली वाफ्यातलं पाणी हातानं हलवत होत्या, मुलाचं डोकं चोळावं तसं.

मी येईन म्हणालो. त्या "बरा" म्हणाल्या. मग मला उठता येईना. माणसं मीठ ओढून घरी गेली तरी आम्ही दोघं तिथंच बसून होतो.